शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी नागपुरात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून ३१ वर्षे नोकरी केली. हिवताप, हत्तीरोग, कुष्ठरोग, क्षयरोग, पोटातले जंत अशी टेबले बदलत गेली, डोळा मात्र सूक्ष्मदर्शकालाच लागलेला. आता निवृत्त आहे, त्यामुळे हे पत्र 'योग्य त्या मार्गाने' पाठवायचे बंधन नाही.

हत्तीरोगाचे रक्त रात्री घ्यावे लागते, साधारण दहा ते दोनच्या दरम्यान. या जंताची पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि क्युलेक्स डास चावायच्या वेळेला बोटाच्या टोकापर्यंत येतात. नाग नदीच्या काठच्या एका वस्तीत आम्ही टॉर्च घेऊन दारे वाजवायचो, तेव्हा एक म्हातारी दर वेळी विचारायची, "काऊन बा, रगत रातीच काऊन पायजे? ईकता का?" तिला समजावून सांगितले, तर म्हणाली, "मंग तुमच्याइतकेच येडे हायेत ते किडे." बोट मात्र पुढे करायची.

तिचा एक पाय हत्तीपाय झालेला होता, आणि तिची काचपट्टी कधीच पॉझिटिव्ह आली नाही. पाय सुजून दगडासारखा झाला की रक्तात पिल्ले बहुधा सापडत नाहीत. सापडली ती तिच्या धडधाकट नातवात. लोकांना हे पटत नाही. काही डॉक्टरांनाही पटवून द्यावे लागले होते.

पण मला लिहायचे आहे ते वेगळेच. एका रात्री अकराच्या सुमारास एक बाई ताप घेऊन आली. भंडाऱ्याकडची, धानाच्या रोवणीला जाणारी, अनवाणी. कागदावर मागणी फक्त हिवतापाच्या स्लाईडची. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आत असतो. त्याला शोधायला तेलाचा थेंब टाकून १०० चे भिंग लावावे लागते. मायक्रोफायलेरिया त्याच्यापुढे अजगर. ते १० च्या भिंगातही दिसते, पण अख्ख्या थेंबात एखाद-दोनच असते. तंत्रज्ञ सरळ तेलावर गेला की शंभर फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारा गोल भाग म्हणजे एक फील्ड) मोजून प्रामाणिकपणे 'निगेटिव्ह' लिहितो, आणि अजगर शेजारच्या फील्डमध्ये तसाच पडून राहतो. माझ्या गुरुजींनी कान पिळून सवय लावली होती की आधी छोट्या भिंगाखाली सगळा थेंब फिरून यायचा, मग तेल. त्या रात्री हिवताप नव्हता. जेएसबी या काचपट्टी रंगवायच्या रंगात न्हालेले, अंगावर आवरण असलेले एक मायक्रोफायलेरिया होते. शेपटीच्या टोकापर्यंत केंद्रके गेलेली नव्हती, म्हणजे वुचेरेरिया, हत्तीरोगाचाच जंत.

बाई कागदासारखी पांढरी पडली होती. मी आगाऊपणा करून सकाळी शौच तपासायला मागवले. त्यात अंकुशकृमीची, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंताची, अंडी. (काटो-कात्झ पद्धतीत, म्हणजे शौचाचा थर ग्लिसरीनने पारदर्शक करून बघताना, हे काम अर्ध्या-एक तासात उरकावे लागते. उशीर झाला की ग्लिसरीन ती पातळ अंडी गिळून टाकते आणि रिपोर्ट आपोआप स्वच्छ येतो.) एका बाईच्या अंगात दोन आजार सापडले होते, आणि ज्याच्यासाठी तिला पाठवले तो त्यात नव्हताच. आमचे रजिस्टर हिवतापाचे. मी शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात दोन्ही लिहिले. वरिष्ठ म्हणाले, "तो आपला कार्यक्रम नाही." ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना महिन्याचा अहवाल पाठवायचा होता आणि त्यात या दोन गोष्टींना जागा नव्हती.

साहेब, पूर्व विदर्भात हत्तीरोग आणि कुष्ठरोग एकाच गावात नांदतात, जंत तर घरोघरी. आपल्या खात्यात मात्र प्रत्येकाचा अधिकारी वेगळा, फॉर्म वेगळा, मोहिमेचा पंधरवडा वेगळा. गावातली आशाताई तेवढी सगळ्यांना सामायिक आहे.

आता हत्तीरोगासाठी पट्टीची चाचणी आली. बोटाचा थेंब टाका, दहा मिनिटांत उत्तर, तेही भर दिवसा. मी तिच्या विरोधात नाही. रात्रीच्या पायपिटीत ज्यांचे गुडघे गेले त्यांनी तिला नमस्कारच करावा. पण पट्टी विचारलेल्या एकाच प्रश्नाचे उत्तर देते. काचपट्टीवर न विचारलेलेही दिसते, अट एवढीच की बघणाऱ्याला ते ओळखता आले पाहिजे आणि लिहायला मुभा पाहिजे.

कुष्ठरोगाचेच बघा. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे 'दूरीकरण' झाले. त्यानंतर कातडीच्या रसाची तपासणी जवळजवळ विसरली गेली. चट्टा आणि बधिरपणा पाहून निदान होते हे खरे, बहुतेकांना तेवढे पुरतेही. पण ज्याच्या अंगावर ठळक चट्टा नाही, नुसती त्वचा जाड आणि तेलकट आहे, त्याच्यात जंतू सगळ्यांत जास्त असतात. कानाची पाळी चिमटीत धरून रक्त थांबवायचे, ब्लेडने बारीक चीर द्यायची, खरवडून आलेला रस काचेवर पसरायचा. हा जंतू कुठल्याही कृत्रिम माध्यमात वाढत नाही, म्हणून साध्या प्रयोगशाळेत त्याला पाहायचा रस्ता हाच. आज हे हाताने करून दाखवणारे लोक तालुक्याला शोधावे लागतात. आनंदवन आणि दत्तपूर ज्या भूमीत उभे राहिले तिथली ही गोष्ट आहे.

आता जे सांगतो ते सांगायला मला बरीच वर्षे लागली. कुष्ठरोगाचा एक रुग्ण रिॲक्शन, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराचाच उठलेला भडका, घेऊन दाखल झाला होता. नसा सुजल्या होत्या, हात निकामी व्हायची भीती, म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करायचे होते. औषध बरोबर होते. त्याआधी शौच तपासायला आले. मी एकच नमुना पाहिला आणि 'अंडी, सिस्ट नाही' असे लिहून सही केली. स्ट्रॉन्गिलॉइडिस नावाचा जंत आहे. त्याची अंडी शौचात सहसा येत नाहीत, अळ्या येतात, त्याही थोड्या आणि रोज नाही. एका नमुन्यात तो सहज निसटतो. एरवी तो पोटात वर्षानुवर्षे गुमान राहतो. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की आतल्या आत वाढतो आणि आतडी सोडून फुप्फुसांत, सगळ्या अंगात पसरतो. काही आठवड्यांनी त्या माणसाचा बेडका क्षयरोगासाठी आमच्याकडे आला. त्यात क्षयाचे जंतू नव्हते, अळ्या होत्या. माणूस वाचला नाही.

ज्या आयव्हरमेक्टिनने हा जंत मरतो ते पुढे जानेवारी २०१९ मध्ये याच नागपूर जिल्ह्यात डीईसी (हत्तीरोगाचे जुने औषध) आणि अल्बेंडाझोल या जंतनाशकासोबत घरोघरी खाऊ घातले गेले, हत्तीरोगासाठी. देशात तिहेरी औषधांची सुरुवात झाली त्या पहिल्या काही जिल्ह्यांत आपण होतो. म्हणजे औषध आपल्या हातात असते. कुष्ठरोगाच्या वॉर्डातल्या माणसाला ते लागेल हे मात्र हत्तीरोगाच्या रजिस्टरला कळत नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची एक गोळीही या जंतावर भरवशाची नाही.

म्हणून मागणे असे. रात्रीच्या रक्ताची काचपट्टी कुठल्याही कार्यक्रमाची असो, ती आधी १० च्या भिंगाखाली पूर्ण बघायची, असा लेखी आदेश निघावा. याला पैसा लागत नाही. कुष्ठरुग्णाला स्टिरॉइड देण्याआधी वेगवेगळ्या दिवशीचे तीन शौचनमुने तपासावेत. रिॲक्शनचा उपचार तेवढे दिवस लांबवता येत नसेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिनचा विचार करावा. कातडीच्या रसाची तपासणी शिकवायला आमच्यासारखे निवृत्त लोक बोलवा. डोळे अजून शाबूत आहेत, मानधनाचे नंतर बघू. हत्तीरोग संपवायचे देशाचे लक्ष्य २०२७ चे आहे. रुग्ण विरळ होत जातील तशी प्रत्येक काचपट्टी रिकामी दिसू लागेल, आणि रिकाम्या काचपट्ट्यांवर नजर टिकवणे हे या धंद्यातले सर्वांत अवघड काम. तेव्हाच रात्रपाळीची पदे कापू नका.

आणि नवीन रजिस्टर छापायला टाकाल, तेव्हा एका माणसाला एकच ओळ द्या. तिच्यात रक्त, शौच, कातडी, बेडका असे सगळे शेजारी शेजारी येऊ द्या. शेऱ्याचा रकाना जरा रुंद ठेवा, आमचे अक्षर मोठे असते.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
नागपूर