तळघरातला 'शो' दाखवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांनी तळघरात केलेल्या गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमावरच्या 'अवर गँग फॉलीज ऑफ १९३८' या जुन्या अमेरिकी विनोदी लघुपटाविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. सुटीतल्या शिबिरांमध्ये तो दाखवावा, ही त्यातली सूचना चांगली आहे. मात्र लेखात तीन चुका आहेत, आणि दाखवायचा कसा हे तर राहूनच गेले आहे. हाताला लागेल ती प्रत लावली तर मुले जांभया देतील आणि बोल लघुपटाला लागेल.

आधी चुका. हा लघुपट ज्या मालिकेतला, तिचे मूळ नाव लेखकाने 'लिटल रास्कल्स' दिले आहे. हॅल रोच यांनी १९२२ मध्ये सुरू केलेली ही मालिका 'अवर गँग' होती. १९३८ मध्ये त्यांनी ती एमजीएम या चित्रपट कंपनीला विकली, त्याबरोबर नावही गेले. पुढे रोच यांचे जुने लघुपट १९५१ पासून पुन्हा चित्रपटगृहांत आणि १९५५ पासून टीव्हीवर आले तेव्हा ते नाव वापरता येईना, म्हणून 'लिटल रास्कल्स'. प्रत ओळखायला हा फरक उपयोगी पडतो. सुरुवातीच्या पाटीवर 'लिटल रास्कल्स' असेल, तर ती नंतरची, बहुधा टीव्हीच्या वाटेने आलेली प्रत आहे आणि तिच्यात काटछाट असू शकते.

दुसरी चूक सालाची. नावात १९३८ असले तरी 'अवर गँग फॉलीज ऑफ १९३८' हा लघुपट डिसेंबर १९३७ मध्ये आला. ब्रॉडवेवरच्या 'फॉलीज' या नाचगाण्यांच्या कार्यक्रमांना साल जोडण्याची पद्धत होती, तिची ही मुलांच्या पातळीवरची नक्कल आहे. तिसरी चूक जरा गमतीची. 'त्या काळी मुलांना मुद्दाम भराभर हालचाली करायला लावत' असे लेखात म्हटले आहे. तसे काही नव्हते. मूकपटाची फिल्म सेकंदाला १६ ते २० चौकटींच्या (फिल्मवरच्या एकेका चित्राच्या) आसपास चाले, बोलपटाची २४. मूकपट बोलपटाच्या वेगाने फिरवला की माणसे तुरुतुरु धावू लागतात. ३५ मिमीचे हजार फुटांचे रीळ १६ चौकटींनी पावणेसतरा मिनिटे चालते आणि २४ चौकटींनी अकरा. प्रस्तुत लघुपट तर बोलपटच आहे. त्यात मुले धावताना दिसली तर दोष प्रतीचा समजावा.

आता कथानक, कारण प्रतीची निवड त्यावरच ठरते. मुलांचा म्होरक्या स्पँकी, त्याच्या कार्यक्रमाचा हुकमी गायक अल्फाल्फा ऐन वेळी सांगतो की आपण आता 'क्रूनिंग' (मायकाजवळचे हळू गाणे) करणार नाही, ऑपेरा गाणार. मुले हुर्यो करतात. तो पोर्की या सवंगड्याला घेऊन ऑपेरागृह गाठतो. तिथला बार्नबी नावाचा मालक वीस वर्षांनंतरचा करार हातावर ठेवून त्याला वाटेला लावतो. अल्फाल्फाला डुलकी लागते, आणि स्वप्नात ती वीस वर्षे उलटून गेलेली असतात. ऑपेरात त्याच्यावर भाजीपाल्याचा मारा होतो, बर्फात उभे राहून गायची पाळी येते, आणि समोर स्पँकीचा क्लब झगमगत असतो. जागा झाल्यावर स्वारी निमूट क्रूनिंगकडे वळते.

सारा विनोद 'क्रूनिंग' या एका शब्दावर उभा आहे. मायक आल्यावर गायकाला कानाशी बोलल्यासारखे हळू गाता येऊ लागले, ते क्रूनिंग. ऑपेराचा गायक मायकाविना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवतो. आपल्या मुलांना इतकेच सांगावे : एकीकडे मायकाविना पल्लेदार ताना घेणारा संगीत नाटकातला नट, दुसरीकडे मायकाजवळ तोंड नेऊन गुणगुणणारा सिनेमातला गायक. हे आधी दोन वाक्यांत सांगितले नाही, तर मुले चिडली का हेच प्रेक्षकांना कळत नाही, आणि पुढची वीस मिनिटे वाया जातात.

लघुपट दोन रिळांचा, सुमारे २१ मिनिटांचा. जवळची प्रत घड्याळ लावून पाहावी. वीस मिनिटांच्या थोडी वर भरली, तर बहुधा ती सेकंदाला २५ चौकटींनी चालणारी डीव्हीडी आहे. प्रसंग सगळे असतात, पण वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि त्याबरोबर सूरही चढतो : पेटीवर एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत जेवढे अंतर, त्याच्या पाऊणेक. संवादांत ते जाणवत नाही, गाण्यांत जाणवते. अल्फाल्फाचा आवाज मुळातच चिरका, तो आणखी चढवण्याची गरज नाही. प्रत १८-१९ मिनिटांतच संपली तर मात्र प्रसंग कापलेले आहेत. ती लावू नये.

कोणाकडे १६ मिमीची प्रत असेल तर दोन रिळे मिळून साधारण ८०० फूट भरतील. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर फिल्मचा ॲसिटेटचा पाया कुजू लागला आहे. तो डबा इतर डब्यांपासून लांब ठेवावा. बोलपटाच्या १६ मिमी फिल्मला एकाच कडेला भोके असतात, दुसऱ्या कडेवर ध्वनीची पट्टी. दोन्ही बाजूंना दाते असलेल्या मूकपटाच्या प्रोजेक्टरवर ती चढवली की दाते सरळ ध्वनिपट्टीत घुसतात आणि प्रत कायमची जाते. दुसरी अडचण लूपची, म्हणजे प्रोजेक्टरमध्ये फिल्मला दिलेल्या सैल वळशाची. १६ मिमीवर आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो. प्रोजेक्टरच्या खिडकीखालचा लूप दोन-चार चौकटींनी लहानमोठा झाला की ओठ आणि सूर यांची फारकत होते. इथे तर गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच हसायचे असते. म्हणून पहिली दोन मिनिटे आधी एकट्याने चालवून पाहावीत, मग मुलांना आत घ्यावे.

डिजिटल प्रत असेल तर पडद्याचा आकार तपासावा. मूळ चौकट रुंदी १.३७ ला उंची १ अशी, जवळजवळ चौरस. रुंद टीव्हीवर ती आपोआप ताणली जाते आणि स्पँकी, जो आधीच गुबगुबीत, तो आडवा होतो. 'झूम' केले तर अल्फाल्फाच्या डोक्यावरचा तो प्रसिद्ध उभा तुरा कापला जातो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. रंगवलेली प्रत टाळावी.

याच्या जोडीला दुसरा लघुपट हवा असेल तर १९३६ चा 'पे ॲज यू एग्झिट' घ्यावा. एकच रीळ, अकराएक मिनिटांचे. कार्यक्रम चांगला असेल याचा प्रेक्षकांना भरवसा नाही म्हणून स्पँकी त्यांना फुकट आत सोडतो. पैसे बाहेर पडताना. नाटक 'रोमिओ अँड ज्युलिएट'. अल्फाल्फाच्या तोंडाला कांद्याचा वास येतो म्हणून ज्युलिएट झालेली डार्ला निघून जाते, आणि तिच्या जागी बकव्हीट हा मालिकेतला काळा मुलगा उभा राहतो. कांद्याचा प्रसंग नसलेली प्रत मिळाली तर डार्ला रागावते कशाला, हे कोणालाच समजणार नाही.

बकव्हीटविषयी लेखात एक अक्षर नाही, हे खटकले. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असताना या मालिकेत ती मुले एकत्र खेळत होती, हे खरे. काळ्या मुलांच्या बोलण्यावर, कपड्यांवर, रंगावर हसवणारे प्रसंगही तिच्यात आहेत, हेही खरे. १९७१ मध्ये अमेरिकी टीव्हीसाठी काटछाट झाली ती मुख्यतः अशा प्रसंगांची. प्रसंग कापण्यापेक्षा आधी मोठ्यांनी लघुपट पुरता पाहावा आणि मुलांशी काय बोलायचे ते ठरवावे. पाच-सहा वर्षांच्या मुलांसमोर ते जमणार नसेल तर दुसरा लघुपट निवडावा. रोच यांनी या मालिकेत १६८ काढले आहेत.

मालिकेच्या नावाची आणि सालाची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपले,
एका चित्रपट मंडळाचे काही सभासद, पुणे