अग्निवीरांच्या गणिताची आणि इंग्रजीची जबाबदारी भरतीपाशी संपू नये : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार, यांस,

सविनय नमस्कार.

लष्कराच्या भरतीचा क्रम 2023 पासून बदलला. पूर्वी आधी मैदानी चाचणी आणि मग लेखी परीक्षा होत असे. आता संगणकावरची सामायिक प्रवेश परीक्षा आधी होते आणि तीत निवडल्या गेलेल्यांनाच भरती मेळाव्याला बोलावले जाते. जनरल ड्यूटीच्या, म्हणजे सर्वसाधारण सैनिकाच्या पदाच्या, उमेदवाराला एका तासात 50 प्रश्न सोडवायचे असतात, त्यांतले 15 गणिताचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. 2025 पासून ही परीक्षा मराठीसह 13 भाषांत देता येते. खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी हे मोठे काम झाले आहे आणि त्याबद्दल मी आपल्या मंत्रालयाची मनापासून आभारी आहे.

माझे म्हणणे या परीक्षेनंतरच्या, अग्निपथ योजनेत अग्निवीर म्हणून होणाऱ्या चार वर्षांच्या सेवेविषयी आहे. माध्यमिक शाळेत गणित शिकवत असल्यामुळे भरतीची तयारी करणारी मुले मला रोज दिसतात. जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 टक्के गुण पुरतात. म्हणजे गणितात जेमतेम उत्तीर्ण झालेला मुलगा नियमाप्रमाणेच सैन्यात येतो, आणि त्यात त्याचा काहीही दोष नाही. मात्र परीक्षा त्याला आत घ्यायचे की नाही एवढेच ठरवते. त्याला अपूर्णांक जमत नाहीत की गुणोत्तर, हे त्याच्या प्रशिक्षकाला तिच्यातून कळायला हवे.

कारण पुढे लागणारे गणित नेमके तेच आहे. 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 500 मीटर. दिशाकोन, म्हणजे उत्तर दिशेपासूनचा कोन, मोजायचा, त्यात 180 अंश मिळवून किंवा वजा करून उलटा दिशाकोन काढायचा, चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची उत्तर यांतला फरक हिशेबात धरायचा. तोफखान्यात वर्तुळाचे 360 अंश नव्हे तर 6400 मिल (कोन मोजण्याचे लहान एकक) धरतात आणि एक मिलचा फरक हजार मीटरवर साधारण एक मीटरचा होतो. ज्याला गुणोत्तर समजले आहे तो तीन हजार मीटरवरचा फरक तोंडी सांगेल, तर ज्याने नियम नुसता पाठ केला आहे तो आकडे बदलताच अडखळेल. थकलेल्या अवस्थेत, अंधारात आणि घाईत पाठांतर सर्वांत आधी साथ सोडते.

इंग्रजीचे दुखणे वेगळे आहे. लिपिक पदाच्या परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र भाग असतो, जनरल ड्यूटीच्या परीक्षेत तो नसतो, आणि तो तिथे घालावा असे मी मुळीच म्हणत नाही. तसे केले तर धडधाकट, हुशार मुले दारातच अडतील. भाषा आत घेतल्यावर शिकवावी.

शिकवणारी यंत्रणा सैन्याकडे नाही असेही नाही. पचमढी येथे केंद्र असलेले सैन्य शिक्षण कोअर जवानांना शिकवत आले आहे. पण पूर्वीच्या जवानापुढे दीर्घ सेवा असायची आणि शिक्षण बढतीच्या टप्प्यांशी जोडलेले असायचे. चार वर्षांसाठी आलेल्या तरुणाच्या वाट्याला त्यातले किती येणार? जून 2022 मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीचे प्रमाणपत्र आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठामार्फत (इग्नू) पदवी देण्याच्या योजना जाहीर झाल्या. पदवीच्या निम्म्या श्रेयांकांसाठी सेवेतले कौशल्य प्रशिक्षण धरले जाणार आहे. योजना चांगल्या आहेत, परंतु प्रमाणपत्र हाती आले म्हणजे टक्केवारी काढता येऊ लागते असे नाही. अमेरिकी सैन्याने ऑगस्ट 2022 मध्ये फोर्ट जॅक्सन या लष्करी तळावर, प्रवेश परीक्षेत थोडक्यात मागे पडणाऱ्या इच्छुकांसाठी, 90 दिवसांपर्यंतचा तयारीवर्ग सुरू केला. त्याची नक्कल करावी असे नव्हे, तथापि अशी उणीव शिकवून भरून काढणे हे सैन्याचेच काम आहे, ही त्यामागची भूमिका मला पटते.

सर्वांत कळकळीचा मुद्दा सेवा संपल्यानंतरचा आहे. मूळ योजनेप्रमाणे जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतील. बाकीच्यांसाठी सीमा सुरक्षा दल आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात आरक्षण आहे, शारीरिक क्षमता चाचणीतून सूटही दिलेली आहे. मग त्यांची खरी कसोटी लेखी परीक्षेतच लागणार. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीच्या 80 प्रश्नांत 20 प्राथमिक गणिताचे आणि 20 इंग्रजी किंवा हिंदीचे असतात. चार वर्षे सीमेवर काढून आलेला तरुण तिथे शिकवणीवर्गांतून ताज्या तयारीने आलेल्या मुलांशी स्पर्धा करणार आहे.

म्हणून विनंती अशी की, प्रवेश परीक्षेतले विषयवार गुण प्रशिक्षण केंद्राकडे जावेत, आणि रुजू झाल्यावर प्रत्येकाची गणित व इंग्रजीची, निवडीशी संबंध नसलेली, साधी चाचणी घ्यावी. ज्यांना गरज आहे त्यांचे तास कवायतीइतकेच पक्के धरून वेळापत्रकात बसवावेत. रजेत किंवा विश्रांतीच्या वेळेत ढकलू नयेत. चौथ्या वर्षी लेखी परीक्षांच्या तयारीसाठी वेळ राखून ठेवावा. 2022 च्या अखेरीस भरती झालेल्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीस भरतात, त्यामुळे या शेवटच्या सूचनेचा निर्णय सर्वांत आधी व्हावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका