वर्गणी नव्हे, स्वतःचाच खर्च

‘नाटो’ या लष्करी युतीतील देशांनी अमेरिकेची ‘थकबाकी’ ठेवली आहे, असे चर्चेत सर्रास बोलले जाते. ही काही गणेश मंडळाची वर्गणी नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या (जीडीपी) २ टक्क्यांचा जो आकडा २०१४च्या वेल्स परिषदेत ठरला, तो प्रत्येक देशाने स्वतःच्या सैन्यावर करायचा खर्च होता. सामायिक तिजोरी वेगळी आणि तुलनेने लहान. तिच्यात २०२४-२५मध्ये अमेरिका व जर्मनी यांचा वाटा जवळपास सारखाच, सुमारे १६ टक्के होता.

इतर देश संरक्षणावर कमी खर्च करतात, ही अमेरिकेची तक्रार खोटी नाही. २०१४मध्ये मोजक्याच देशांनी २ टक्क्यांची पातळी गाठली होती. पुढे २०२५च्या हेग परिषदेत २०३५पर्यंत ५ टक्क्यांचे (साडेतीन थेट संरक्षणावर, दीड पायाभूत सुविधा वगैरेंवर) उद्दिष्ट ठरले, तेव्हा स्पेनने हात आखडता घेतला. रशियाला खेटून असलेला पोलंड मात्र आताच ४ टक्क्यांच्या पुढे आहे. धोका ज्याच्या दाराशी, तो न सांगताही खर्च करतो!

शिवाय टक्केवारीत रक्त मोजले जात नाही. सामूहिक संरक्षणाचे पाचवे कलम (एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा) आजवर एकदाच, ११ सप्टेंबर २००१नंतर, अमेरिकेसाठी लागू झाले. पुढे अफगाणिस्तानात चिमुकल्या डेन्मार्कचे चाळीसहून अधिक सैनिक कामी आले. तोफखान्याच्या सरावाचे आवाज ऐकत राहणाऱ्या आम्हा देवळालीकरांना हा हिशेब जास्त कळतो.

– एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक