गर्दीची दिशा बदलली

महोदय,

डोंबिवलीहून फास्ट पकडायची ती सीएसएमटीसाठीच, हा आमच्या पिढीचा नेम. माझी मुलगी मात्र मंगळवार ते गुरुवार ऐरोलीला जाते. ठाण्याला उतरायचे, पूल चढून नऊ-दहा नंबरच्या फलाटावर ट्रान्स-हार्बर गाठायची. उरलेले दोन दिवस ओट्याशेजारी लॅपटॉप. (आमच्या कुकरच्या शिट्ट्या तिच्या साहेबांनाही पाठ आहेत.)

हा ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्ग २००४ साली सुरू झाला. तेव्हापासून ऐरोली, महापेकडे केवढी ऑफिसे उभी राहिली! पण उपनगरी रेल्वेचा मूळ आराखडा सकाळी दक्षिणेला आणि संध्याकाळी उत्तरेला हाच. भुयारी मेट्रोही आरे ते कफ परेड, म्हणजे पुन्हा उत्तर-दक्षिणच. वाटेत ऑफिसांनी भरलेले बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) आहे एवढे बरे. ट्रान्स-हार्बरसारख्या आडव्या मार्गांवर फेऱ्या वाढवणे आधी हवे.

आणि घरून काम करणारे कितीही वाढोत, नर्स, वॉचमन, पोळ्या करणाऱ्या मावशी यांना रोज निघावेच लागणार. आमच्या मावशी पाचच्या सुमारास अंबरनाथहून निघतात. वेळापत्रक ठरवताना त्यांना कोणी विचारते का?

— एक पासधारक, डोंबिवली