रिकाम्या घरातली चोरी ‘गहाळ’ कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे-जून हा पुण्यात भाडेकरू बदलण्याचा हंगाम. जुने लोक गेलेले, नवे यायचे असतात आणि मधे रंगकाम चालू असतं. नेमक्या अशाच घरांवर चोरांचा डोळा असतो. यंदा आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हेच झालं. घरात पैसाअडका, दागिने काहीच नव्हतं. तरी कडी-कोयंडा उचकटून चोरांनी बाथरूममधले पितळी नळ, गिझर आणि स्वयंपाकघरातली चिमणी नेली, शिवाय विजेचे बोर्ड उघडून तांब्याच्या वायरी ओढून काढल्या. नळ काढण्याआधी त्यांनी पाण्याचा कॉकही बंद केला होता. कुणी येणार नाही याची एवढी खात्री त्यांना होती!

खरा मनस्ताप झाला तो पोलिसांकडे गेल्यावर. ‘फार काही गेलं नाही ना? मग ऑनलाइन गहाळची नोंद करा, लगेच प्रमाणपत्र मिळेल,’ असं आम्हाला सांगण्यात आलं. भिंतीत बसवलेला गिझर गहाळ कसा होतो? वस्तू गहाळ म्हटली की गुन्हाच उरत नाही, मग तपास कोण कशाला करेल? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार राहत्या घरातल्या चोरीला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चोरीच्या वेळी घरात माणूस असायलाच हवा, अशी अट त्यात नाही. अशा दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची फिर्याद नोंदवून घेणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, आणि ठाण्यात दाद लागली नाही तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार करता येते. आम्ही हे धरून बसलो तेव्हा कुठे फिर्याद लिहून घेतली गेली आणि पंचनामा झाला. विम्याचा दावा करायचा म्हटला, तरी हीच कागदपत्रं लागतात.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी ११२ ला फोन करावा आणि पंचनामा होईपर्यंत रंगाऱ्यालासुद्धा आत जाऊ देऊ नये. नवीन भाडेकरू रविवारी टेम्पो घेऊन येणार, म्हणून घाईघाईने दार बसवून घर पुसून काढलं तर ठसेही त्याबरोबर पुसले जातात. त्यापेक्षा भाडेकरूला फोन करून सगळं सरळ सांगावं. भाडेकरू एकटी मुलगी असेल तर पुष्कळ मालक ‘मुलगी घाबरेल, दुसरं घर बघेल’ म्हणून लपवतात. हे मला अजिबात पटत नाही. ज्या घरात ती एकटी झोपणार आहे, तिथलं दार महिन्यापूर्वी फोडलं गेलं होतं हे तिला शेजाऱ्यांकडून कळावं का? तिला दोन आठवडे उशिरा यायचं असेल तर येऊ द्यावं, भाडं ताबा दिल्यापासून धरावं, आणि कुलूप दुरुस्त न करता नवंच बसवावं. जुन्याच्या किल्ल्या एजंट, वॉचमन, प्लंबर अशा किती जणांच्या हातून फिरल्या, याचा हिशेब कुणाकडेच नसतो.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. लिव्ह अँड लायसन्स करार आधीच नोंदवलेला असेल, तर त्यातल्या यादीत ‘गिझर १, चिमणी १’ असं लिहिलेलं असतं. वस्तू चोरीला गेल्या तरी कागदावर त्या तशाच राहतात आणि वर्षाने डिपॉझिट परत करताना वाद होतो. म्हणून किल्ली देतानाच दोघांच्या सहीने नवी यादी करून ठेवावी.

हे नळ आणि वायरी शेवटी कुठेतरी वजनावर विकल्या जातात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हाच आहे. पोलीस आयुक्तालयाने घरफोडीची नोंद ‘गहाळ’मध्ये करू नये, अशी लेखी सूचना प्रत्येक ठाण्याला द्यावी आणि या दोन महिन्यांत तांबं-पितळ घेणाऱ्या भंगार दुकानांची नियमित तपासणी करावी, ही विनंती.

— एक घरमालक, पुणे