भूतानमध्ये घर लेकीचं, पण लेक पर्थला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला भूतानवरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत. थिंफूच्या चौकातला पांढरे हातमोजे घातलेला वाहतूक पोलीस, पारोच्या कड्याला चिकटलेला तक्त्सांग मठ, सगळं आलंय. मथळा मात्र 'जगातला सर्वांत आनंदी देश' असा आहे आणि तिथेच मी अडले.

देशोदेशींच्या आनंदाचा जो अहवाल दरवर्षी निघतो, त्यात २०१९ साली भूतानचा क्रमांक होता ९५ वा. मथळ्यातला समज ज्यातून आला, ती 'सकल राष्ट्रीय आनंद' ही चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांची १९७० च्या दशकातली कल्पना. राज्यकारभार कसा चाललाय हे पैशांपलीकडे जाऊन मोजायचं, एवढाच तिचा अर्थ. त्यासाठी नऊ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक ठरवले आहेत. माणसाला झोप किती मिळते हे त्यात विचारतात, तसं रानातल्या जनावरांनी पिकाचं किती नुकसान केलं हेही विचारतात. एखाद्या घरात रोजचा खर्च वहीत लिहितात म्हणून ते घर श्रीमंत ठरत नाही, तसंच हे.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे यजमान भूतानमधल्या ताला जलविद्युत प्रकल्पावर होते आणि १९९९ ते २००५ आम्ही गेडूला प्रकल्पाच्या वसाहतीत राहिलो. फुंत्शोलिंगहून थिंफूकडे चढणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव म्हणजे आंबोलीच्या वरताण धुकं. कपडे चार-चार दिवस वाळायचे नाहीत. (प्रकल्प संपल्यावर त्याच वसाहतीत कॉलेज सुरू झालं. आमच्या खोलीत आता कोण अभ्यास करतं कोण जाणे.)

त्याच १९९९ च्या २ जूनला भूतानमध्ये टेलिव्हिजन अधिकृतपणे सुरू झाला. तोवर बंदीच होती. बघता बघता केबल आली आणि केबलवरून आपल्या हिंदी मालिका. बाजारात भाजी विकणाऱ्या एक आमा होत्या, चापछाकडच्या. आमा म्हणजे आई. संध्याकाळी त्या आमच्याकडे मालिका बघायला येत आणि मी भाषांतर करत असे. त्यांना गोष्ट कळायची, पण एक गाठ सुटायची नाही. एकदा त्यांनी विचारलंच, "ही मुलगी आईचं घर सोडून या बाईचे बोल ऐकायला इथे राहतेच कशाला?"

प्रश्न अगदी रास्त होता. पश्चिम आणि मध्य भूतानच्या बऱ्याच भागांत घर आणि शेत आईकडून लेकीकडे जातं. लग्न झालं की जावई सासुरवाडीला राहायला येतो. त्याला 'मगपा' म्हणतात. म्हणजे आपल्याकडे ज्याला घरजावई म्हणून हसतात, तो तिथे सरळ साधा नवरा. सासू-सुनेचं भांडण त्यांना कळेना ते यामुळे. दोन वर्षांनी मात्र आमांना प्रत्येक मालिकेतली प्रत्येक सून ओळखू येऊ लागली आणि हिंदीही माझ्या मावशीपेक्षा बरं बोलू लागल्या. पाहुण्याला आधी डोमा द्यायचा ही तिथली रीत. पानात चुना आणि ओली सुपारी. वास असा की मी कोकणातली असूनही पहिल्यांदा कानापर्यंत घाम फुटला. आमा हसून लोटपोट.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुन्हा गेलो, या वेळी पर्यटक म्हणून. भारतीयांना माणशी दर रात्रीचे १,२०० रुपये शुल्क भरावं लागतं. सहा वर्षं ज्या गावचं पाणी प्यायलो तिथे पावती फाडताना यजमानांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आमा आता थिंफूत एका चौथ्या मजल्यावर राहतात. सोबत सात वर्षांचा नातू. लेक आणि मगपा दोघेही ऑस्ट्रेलियात, पर्थला. ती विद्यार्थी व्हिसावर गेली, तो जोडीदार म्हणून. शिक्षण चालू आहे, पण घर चालतं ते वृद्धाश्रमातल्या कामावर. भूतानमध्ये ती सरकारी शाळेत शिक्षिका होती. नातू रोज रात्री वीचॅटवर आईला आवाजी निरोप पाठवतो. आमांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांच्यासारख्यांना हे बोलून धाडायचं सोयीचं पडतं, म्हणून तिथे वीचॅट घरोघरी.

चापछाचं घर बंद आहे. ज्या रीतीत घर लेकीनेच धरायचं, तिथे लेकच समुद्रापार गेली तर किल्ली कुणाकडे द्यायची? आमांनी मला हा प्रश्न विचारला नाही. त्यांनी फक्त कमरेची किल्ली दाखवली. अशा ओस घरांना तिथे 'गुंगतोंग' म्हणतात. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत ती सगळ्यांत जास्त. माणसं कमी झाली की राखण होत नाही, राखण नसली की रानडुकरं आणि माकडं पीक ठेवत नाहीत, पीक गेलं की उरलेलेही निघतात. संगमेश्वरातल्या आमच्या वाडीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आठ लाखांहून कमी वस्तीच्या देशातून शिक्षक, नर्स, कारकून असे निघाले की ते राजालाही दिसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवे राजे ऑस्ट्रेलियाला जाऊन आपल्या लोकांना भेटून आले. आसामच्या सीमेवर गेलेफू इथे नवं शहर उभारायचं त्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, त्यामागेही तरुणांना घरी काम मिळावं हा हेतू आहे.

गेलेफू म्हटलं की मला दुसरी गोष्ट आठवते, जिचा लेखात एका ओळीचाही उल्लेख नाही. ते सारपांग जिल्ह्यात येतं. १९८५ चा नागरिकत्व कायदा आणि १९८८ ची जनगणना यांत दक्षिणेकडच्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांकडे नागरिकत्वाचा पुरावा म्हणून १९५८ सालच्या शेतसाऱ्याची पावती मागितली गेली. घो आणि किरा हा उत्तरेकडच्यांचा पोशाख सक्तीचा झाला, शाळांतून नेपाळी गेली. १९९० च्या निदर्शनांनंतर एक लाखाच्या आसपास माणसं देशाबाहेर पडली आणि नेपाळच्या झापा, मोरंगमधल्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिली. २००७-०८ पासून बहुतेकांना अमेरिका आणि इतर देशांनी घेतलं. आमच्या गेडूतला किराणा दुकानदार नेपाळीच होता. हिशेबाबाहेरचा शब्द बोलायचा नाही. मी बिचाऱ्याला घुमा समजत होते; कारण पुष्कळ उशिरा कळलं.

आज ऑस्ट्रेलियात दोन तऱ्हेचे भूतानी आहेत. अ‍ॅडलेडला छावण्यांतून आलेले, पर्थला आपणहून गेलेले. दोघांच्याही घरी हिरव्या मिरच्या आणि चीजचं एमा दात्शीच शिजत असणार. त्यांच्यावर कुणी लिहिलं, तर पुरवणीचं पान मी कापून ठेवीन.

आपली,
एक वाचक, देवरुख
(नाव छापू नये.)

ता. क. – दुसऱ्या पानावरच्या किल्ल्याखाली 'पारो झोंग' छापलंय. तो पुनाखाचा आहे. दोन्ही बाजूंनी नद्या दिसतायत, फो छू आणि मो छू. शिवाय तटापाशी जॅकरंडा फुललाय.