'संयम' म्हणजे आवर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

योगदिनाच्या पुरवणीत पातंजल योगातल्या 'संयम' या शब्दाचा अर्थ 'मनाला आवर घालणे' असा छापून आला. आपल्या सीमाभागात हा घोटाळा व्हायला जागाच आहे. मराठीत संयम म्हणजे आवर, कन्नडमध्येही तेच. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी कुठेही आणि कोणत्याही भाषेत योगवर्ग भरो, चूक एकच होते.

आवरासाठी पतंजलींकडे वेगळे शब्द आहेत: अहिंसा, सत्य वगैरे पाच यम, आणि इंद्रियांपुरता प्रत्याहार. संयमाची व्याख्या त्यांच्या योगसूत्रांच्या तिसऱ्या पादातल्या (प्रकरणातल्या) चौथ्या सूत्रात आहे: 'त्रयमेकत्र संयमः'. धारणा, ध्यान आणि समाधी ही तिन्ही एकाच विषयावर लागली की तो संयम.

आता हे शब्दही मराठीने वाकवलेलेच. 'माझी अशी धारणा आहे' म्हणजे समजूत. आणि 'काय ध्यान आहे!' याबद्दल तर बोलायलाच नको. सूत्रात धारणा म्हणजे चित्त एका जागी बांधणे. योगसूत्रांवरची जुनी टीका, व्यासभाष्य, जागाही सांगते: नाभी, हृदय, मस्तक, नाकाचा शेंडा, जिभेचे टोक. तिथे तोच प्रत्यय, म्हणजे त्याच विषयाची जाणीव, अखंड वाहू लागला की ध्यान. समईत तेल घालताना धार तुटत नाही, पाणी मात्र थेंबाथेंबाने पडते. परंपरेतला दृष्टान्त हाच. 'मी ध्यान करतोय' हे भानही मागे पडून नुसता विषय उरला की समाधी.

कूर्मपुराणात याचे मापही आहे. १२ प्राणायामांची एक धारणा, १२ धारणांचे ध्यान, १२ ध्यानांची समाधी. म्हणजे १७२८ प्राणायामांचा काळ. दहा मिनिटांत 'लागते' ती बहुधा डुलकी. मान पुढे कलंडली की ओळखावे.

बिघडते ते पहिल्याच पायरीवर. पाच मिनिटे नाभी, कंटाळा आला की भुवयांमधली जागा, मग नाक. मन भटकले तर त्याला परत त्याच जागी आणायचे, जागा बदलायची नाही. नाकाचा शेंडा घेतला तर डोळे तिरळे करून पाहू नये, कपाळ दुखते. डोळे मिटून श्वास नाकपुडीला जिथे लागतो तिथे लक्ष ठेवले तरी भागते. सहावे सूत्र पायरीपायरीने जायला सांगते, आणि खालची भूमी, म्हणजे पायरी, जिंकल्याशिवाय वरची मिळत नाही, असे भाष्यकार बजावतात.

दुरुस्ती छापताना त्या पादाची पहिली चार सूत्रे सलग द्यावीत. चार ओळींचे तर काम आहे.

आपला,
एक योगाभ्यासक, टिळकवाडी, बेळगाव